दर दोन तासांनी

कण्याला मार बसलेल्या माणसाच्या घरात गेलं की पाणी पुढे येण्याआधी कारण पुढे येतं. ‘करम के भोग आय, दीदी.’ मी फिजिओथेरपिस्ट, रायपूरच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाते. तिथे हे छत्तीसगढीत ऐकते, आणि शहरातल्या आमच्या तात्यापाऱ्यात मराठीत: प्रारब्ध, दुसरं काय! सांगणारी माणसं वाईट नसतात. चिंच पाडायला चढलेला तिशीतला मुलगा फांदीसकट खाली येतो, कमरेखालचं अंग जातं. आईनं मनाची समजूत घालायची तरी कशी? कर्मसिद्धांत मीही मानते. मानते म्हणूनच त्याची हद्द कुठे संपते, हे मला विचारावंच लागतं.

शास्त्रानं साठलेलं संचित, फळू लागलेलं प्रारब्ध आणि आत्ता हातून घडणारं क्रियमाण वेगळं सांगितलंय. प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण, तो परत घेता येत नाही. फांदी मोडली, मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. हा बाण लागला, मान्य. पण तीन आठवड्यांनी त्याच मुलाच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम पडते, ती कोणाच्या खात्यावर? आपण झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो. त्याला दुखतच नाही, त्यामुळे तो तसाच पडून राहतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. बेडसोअर होतो तो असा. पडणं होऊन गेलं होतं, ही जखम अजून यायची होती. पतंजलींनी टाळायचं दुःख म्हणून अजून न आलेलं दुःखच सांगितलं आहे. माझ्या कामाचं सगळं शास्त्र मला तिथे सापडतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी असे बहुतेक रुग्ण या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं थोड्याच काळात दगावत. नाझी जर्मनीतून निसटलेले डॉ. लुडविग गटमन १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात आले आणि त्यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायला लावली. माणसं जगू लागली. १९४८ मध्ये या रुग्णांच्या तिरंदाजीच्या स्पर्धा झाल्या, त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं ते सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी, १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या जवानानं. तुटलेला मज्जारज्जू सांधणारं औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी त्याला जागं करण्याचे प्रयोग चालू आहेत, त्यांच्याकडे माझे डोळे लागलेले असतात. स्टेमसेलच्या नावानं शेत विकायला लावणाऱ्यांपासून मात्र मी घरच्यांना हात जोडून अडवते.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात एका काकांनी मला विचारलं, ‘जखम होणंही लिहिलेलंच नसेल कशावरून?’ मी म्हटलं, काका, नातीला ताप आला की तुम्ही असं म्हणता का? लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य एकाच प्रकरणात घेतलेत, ते उगाच नाही. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणं हे धैर्य असू शकतं. दुसऱ्याच्या दुःखाला तेच नाव दिलं की आपली रात्रीची झोप वाचते. त्याची जखम हे माझं क्रियमाण आहे, आजचं, या हातांचं.

चिंचेवरून पडलेल्या त्या मुलाच्या खाटेशी मानस मंडळी रामायण गायला आली होती. बायको रात्र-रात्र एकटीच त्याला वळवत होती, बसल्या जागी पेंगत होती. गाणं संपल्यावर मी मंडळींना म्हटलं, दहा, बारा, दोन, चार: या चार वेळांना तुमच्यातलं कोण येईल? क्षणभर कुणी बोललं नाही. मग ढोलक वाजवणाऱ्यानं दोनची वेळ मागितली. दोघांनी मिळून कसं वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी कुठे ठेवायची, टाचा अधांतरी कशा ठेवायच्या, हे त्यांना मी तिथेच दाखवलं. आता तो मुलगा बसू लागलाय, आरसा धरून पाठीमागची कातडी स्वतः तपासतो. व्हीलचेअरसाठी दाराचा उंबरा फोडून उतार करायचाय. सिमेंट कोण देणार, यावर मंडळींचं सरपंचांशी बोलणं चालू आहे.