खोल खणले, मग पाया घातला

शास्त्रपाठ : लूक ६ : ४६-४९



दोन घरांचा हा दृष्टांत आपण शब्बाथशाळेत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहोत. मत्तयाने तो सांगितला आहे आणि लूकनेही सांगितला आहे. मत्तयाच्या सांगण्यातील वाळू आणि खडक आपल्या सर्वांच्या ध्यानात राहतात. लूक मात्र एक गोष्ट अधिक सांगतो आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ज्याचे घर टिकले त्या मनुष्याने आधी जमीन खणली, खोल खणली, आणि खडक लागल्यावर मग पाया घातला. दुसऱ्याने पायाच्या खटपटीत न पडता सरळ जमिनीवर भिंती उभ्या केल्या.

प्रभू ज्या देशात वावरला तेथील ओढे उन्हाळ्यात ठणठणीत कोरडे असतात. पात्रातील जमीन सपाट व मऊ, बांधायला सोपी. तेथे हिवाळ्यात पाऊस येतो, आणि दूर डोंगरात सर कोसळली की हाच कोरडा ओढा घटका-दोन घटकांत दुथडी भरून धावू लागतो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला दोन्ही घरे सारखीच दिसली असतील. कदाचित दुसऱ्याचे घर आधी पुरे झाले म्हणून लोकांनी त्याचे कौतुकही केले असेल. फरक होता तो जमिनीखाली, डोळ्यांआड.

आणखी एक गोष्ट पाहा. पूर दोन्ही घरांना आला. प्रभूचे ऐकून त्याप्रमाणे वागणाऱ्याच्या घराला पाणी वळसा घालून गेले, असे प्रभू म्हणत नाही. ही गोष्ट आपल्या बडोद्याच्या मंडळींना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सन २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सोमवार ता. २६ रोजी, बडोद्यावर मुसळधार पाऊस कोसळला. विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरातून निघून शहराच्या मधून वाहते. वरच्या अंगाला आजव्याचा तलाव आहे. तो भरला म्हणजे त्याचे पाणीही याच नदीत येते. धोक्याची पातळी २५ फुटांची. त्या आठवड्यात पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. नदीतल्या मगरी वस्त्यांत शिरल्या. कित्येक भागांत दोन-तीन दिवस वीज नव्हती, आणि घराघरांची तळघरे विहिरींसारखी भरून गेली होती.

अशाच एका घरी आम्ही पाणी ओसरल्यावर गेलो होतो. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते रुचणार नाही. नवरा-बायको दोघे शिवणकाम करतात. घरात म्हातारी आई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि शाळकरी मुलगी. शिवणाचे सारे काम तळघरात चाले. दोन शिलाई मशिनी, एक ओव्हरलॉकचे मशीन, कपड्यांचे कपाट आणि नवरात्र महिन्यावर आल्यामुळे चणियाचोळीसाठी गिऱ्हाइकांनी आणून टाकलेले कापड. रात्री पायऱ्यांवरून पाणी उतरू लागले तेव्हा घरधन्याने पहिली गोष्ट केली ती मेन स्विच बंद करण्याची, आणि मुलाला खाली उतरू दिले नाही. मशीन पुन्हा घेता येते, विजेचा धक्का बसलेला मुलगा परत मिळत नाही. हाताला लागतील तेवढी चार गाठोडी वर आली. बाकी सारे बुडाले.

आम्ही गेलो तेव्हा आजी खाटेवर बसून होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मास्तर, आमच्या हातून असं काय पाप घडलं?"

हा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठी देतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा लोकांच्या मनात हेच आले होते. प्रभूने काय सांगितले ते लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. ती अठरा माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती, ही समजूत त्याने साफ खोडून काढली. आणि लगेच ऐकणाऱ्या सर्वांनाच पश्चात्ताप करण्यास सांगितले. म्हणून पुरात सापडलेल्या घराकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही. जलप्रलयानंतर देवाने नोहाशी करार केला आणि ढगांत आपले धनुष्य ठेवले, ते काय विसरण्यासाठी? आजी, देव तुमच्यावर रागावलेला नाही.

परंतु पश्चात्ताप मात्र आपणा सर्वांकडून मागितला आहे. नदीला पुराच्या दिवसांत पसरायला जागा लागते. तिच्या काठची कोतरे, सखल राने आणि तळी ही ती जागा. तेथे भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या म्हणजे ते पाणी जाईल कोठे? बडोद्याने २००५ साली पूर पाहिला, २०१४ साली पाहिला, २०१९ च्या जुलैअखेर पाहिला आणि २०२४ साली पुन्हा पाहिला. पाऊस देव पाडतो. पण पाण्याची वाट मनुष्य अडवतो, आणि त्याचा दंड बहुधा ज्याने ती अडवली नाही तोच भरतो. आपल्यापैकी कोणी जमिनीच्या व्यवहारात असेल, कोणी सोसायटीच्या कमिटीवर असेल, कोणी गटारात प्लॅस्टिक टाकणारा असेल. त्याने आपले अंतःकरण तपासावे.

आता त्या घराकडे परत येऊ. पाणी ओसरल्यावर मुलाने भाड्याचा पंप आणला. तळघर एका दिवसात कोरडे करून टाकावे असे त्याच्या मनात होते. शेजारच्या वयस्क गवंड्याने त्याला थांबवले. तो म्हणाला की बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली आहे. ती भिंतींना चहूबाजूंनी रेटते आहे. आतले पाणी त्या रेट्याला सध्या तोलून धरते आहे. ते एकदम उपसले तर भिंत आत येईल, जमीन फुगेल. थोडे उपसा, खूण करा, रात्रभर थांबा, पाणी पुन्हा चढते का पाहा, मग पुढचे उपसा. त्याप्रमाणे केले. पुरते उपसायला चार दिवस लागले, आणि भिंती उभ्या राहिल्या.

बंधुभगिनींनो, त्या गवंड्याचे शहाणपण आपल्या मंडळीने शिकण्यासारखे आहे. दुःखात बुडालेल्या घरी आपण जातो आणि एका बैठकीत त्यांचे सारे दुःख उपसून टाकू पाहतो. एक वचन वाचतो, एक प्रार्थना करतो आणि म्हणतो, आता रडू नका. बाहेरचा रेटा तसाच असतो. कर्ज असते, शाळेची फी असते, रात्री पावसाचा आवाज आला की छाती धडधडते. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करावा असे पौल रोमकरांस लिहितो; तो किती दिवसांत आटोपावा हे त्याने लिहिलेले नाही. म्हणून एकदा जाऊन येऊ नका. पुन्हा जा. जाताना हातात बादली, झाडू आणि जेवणाचा डबा असू द्या. आमच्या तरुण संघाच्या मुलांनी त्या घरचा गाळ काढला, जमिनीखालची पाण्याची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली. त्या चार दिवसांत आजी प्रथमच जेवल्या त्या त्यांच्याबरोबर बसून.

यापुढची गोष्ट अधिक कठीण आहे. नुकसानीच्या पाहणीसाठी माणसे येणार होती. लहान धंदेवाल्यांना सरकारने मदत जाहीर केली होती. शेजारच्या एका भल्या माणसाने सुचवले, "दादा, दोन मशिनींच्या चार लिहा. गिऱ्हाइकांचं कापडही तुमचाच माल म्हणून दाखवा. सगळं चिखलात गेलंय, कोण मोजतंय?" त्याच्या मनात वाईट नव्हते, या घराचे भले व्हावे असेच त्याला वाटत होते. मुलालाही ते पटले. तो बापाला म्हणाला, "बाबा, नुसत्या खरेपणानं घर चालतं का?"

बापाने उत्तर दिले नाही. त्याने कागदावर होते तेवढेच लिहिले. दोन शिलाई मशिनी, एक ओव्हरलॉक, एक कपाट. गिऱ्हाइकांचे कापड त्याने दुसऱ्या कागदावर लिहिले, कारण ते त्याचे नव्हते. ते त्याला भरून द्यायचे होते. त्या घरच्या बाईने आपल्या वहीवरून एकेक नाव सांगितले, आणि ती यादी लिहायला बसला तो तोच मुलगा. रागातच बसला, पण बसला.

पुढे काय झाले ते आहे तसे सांगतो. मदत मिळाली ती नुकसानीपुढे थोडी होती. काही गिऱ्हाइकांनी पैसे घेतले नाहीत. एक गुजराती बाई नवे कापड घेऊन आल्या आणि शिलाईचे पैसे आगाऊ ठेवून गेल्या. काहींनी मात्र पै न पै मागितली, आणि तो त्यांचा हक्क होता. ते देणे फिटायला वर्षाहून अधिक लागले. आता मशिनी घराच्या वरच्या खोलीत आहेत. जागा अपुरी आहे. तळघर रिकामे असते. खरे बोलल्याचे बक्षीस म्हणून त्यांना काही दुप्पट मिळाले, असे सांगता आले असते तर गोष्ट गोड झाली असती, पण ते खरे नाही.

मग टिकले काय? प्रभूने दृष्टांताच्या आरंभी विचारले होते की तुम्ही मला प्रभू प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते करीत नाही, हे का? त्या रात्री, त्या कागदापुढे, त्या घराने सांगितलेले केले. पाण्याने कपाट नेले, पण बापाचा शब्द मुलाच्या डोळ्यांदेखत वाहून गेला नाही. घर उभे राहिले म्हणतात ते हेच.

आणि हे त्या एका रात्री साधत नाही. पूर आल्यावर कोणी पाया खणू शकत नाही. त्या मनुष्याने पूर्वी शंभर वेळा गिऱ्हाइकाच्या कापडाचा उरलेला तुकडा परत दिला असेल, मापात खोट केली नसेल, कोणी पाहत नसताना. प्रत्येक वेळी एक कुदळ पडली. खणणे कंटाळवाणे असते, दिसत नाही, त्याची कोणी स्तुती करीत नाही. मातीखाली मातीच लागते आणि वाटते की खडक नाहीच. प्रियजनहो, खडक आहे. तो ख्रिस्त आहे. तो स्वतः खोल पाण्यातून, वधस्तंभाच्या अंधारातून गेला आहे, म्हणून पाण्यात उतरणारा कोणीही त्याच्यावाचून एकटा उतरत नाही.

तर पुढील पावसाळ्यापूर्वी आपण प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्या. ज्यांच्या घरी तळघर आहे त्यांनी पोटापाण्याची साधने, बाप्तिस्म्याचे व जमिनीचे कागद वर आणून ठेवावे, आणि मेन स्विच कोठे आहे ते घरातल्या जाणत्या मुलांनाही दाखवावे. ज्यांचे घर उंचावर आहे त्यांनी एक खोली मनाने आताच मोकळी करून ठेवावी आणि कोणाला बोलवायचे ते ठरवावे. दुसरी गोष्ट, आज रात्री प्रत्येकाने देवासमोर स्वतःला विचारावे : प्रभूची कोणती आज्ञा मी बरीच वर्षे ऐकतो आहे आणि अजून केलेली नाही? कोणाचे देणे आहे? कोणाशी बोलणे बंद आहे? तेथे उद्या सकाळी पहिली कुदळ मारावी.

प्रभू आपणा सर्वांना ऐकण्यास कान आणि करण्यास हात देवो. आमेन.