दाखला आणि भरवसा

मावळातील सुदुंबरे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संत संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळे. तेलाचा घाणा चालविणारे संताजी तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले आणि त्या वह्यांवर पुढील पिढ्यांनी भरवसा ठेवला. त्यांच्या सचोटीवर कोणत्याही कचेरीचा शिक्का नव्हता. साक्ष होती ती सहवासाची. त्या समाधीपुढून जाताना मला हटकून एक प्रश्न पडतो. आपली लेकरे आपण रोज ज्यांच्या हाती सोपवितो, त्यांच्याविषयी आपल्यापाशी कोणती साक्ष असते?

एके काळी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मास्तर कोणाचा कोण, शिपाई कोणत्या वाडीचा, हे गाव जाणून असे. आज तळेगाव-चाकणच्या कारखान्यांनी या भागाचे रूप पालटले आहे. खासगी शाळा उभ्या राहिल्या, त्यांच्या पिवळ्या गाड्या वाडीवस्तीवर फिरू लागल्या. गाडीचा चालक, फाटकावरचा रखवालदार, स्वच्छतागृह धुणारा कामगार हे पुष्कळदा कंत्राटदाराने पाठविलेले असतात. मुख्याध्यापकांना त्यांचे नाव ठाऊक असते. माणूस ठाऊक नसतो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका खासगी शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. अटक झाली ती कंत्राटी सफाई कामगाराला. 20 ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे तासन्‌तास रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि तक्रार नोंदविण्यातील दिरंगाईवर ताशेरे ओढले. शासनाने कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचा आदेश तत्काळ काढला. पुढे सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला. खटला चालून सत्य शाबीत होण्याची वाट तेथेच खुंटली.

वस्तुतः तो आदेश नवा नव्हता. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा 2012 सालचा आहे. त्याखालील 2020 च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की बालकांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सेवकांची, मग ते शिक्षक असोत वा शिक्षकेतर, कायम असोत वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यावी. नियम होता, तो पाळण्याची निकड आम्हांला भासली नव्हती. कळत असून न करणे यालाही आपल्या पापनिवेदनात स्थान आहे.

तथापि या पडताळणीवर घेतला जाणारा एक आक्षेप विचारार्ह आहे. पोलिसांची नोंद म्हणजे मनुष्याचे चारित्र्य नव्हे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, परंतु आमच्या पारधी बांधवांच्या कपाळावरील शिक्का समाजाच्या मनातून अद्याप पुसला गेलेला नाही. दुसरे उदाहरण तर मावळचेच. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना जलवाहिनीला विरोध करीत शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले आणि अनेक आंदोलकांवर गुन्हे नोंदविले गेले. समजा, त्यांतील एखादा उद्या शाळेच्या गाडीवर चालक म्हणून आला. नोंदीत त्याचे नाव दिसेल. त्यामुळे तो लेकरांना धोकादायक ठरतो काय? गुन्हा नोंदला जाणे वेगळे, शाबीत होणे वेगळे. आणि कोणता गुन्हा, हा प्रश्न तर सर्वांहून महत्त्वाचा. हा विवेक न करणारी शाळा पडताळणीच्या नावाखाली गरिबाची भाकरी हिरावून घेईल.

याची दुसरी बाजूही आहे. कोरा कागद म्हणजे निर्दोष मनुष्य नव्हे. 2002 साली इंग्लंडमधील सोहम गावी दोन शाळकरी मुलींची हत्या झाली. दोषी ठरला तो एका शाळेचा व्यवस्थासेवक. नेमणुकीपूर्वी त्याची चौकशी झाली होती. परंतु पूर्वी अन्यत्र त्याच्याविरुद्ध आलेल्या तक्रारी त्या चौकशीत उघड झाल्याच नाहीत. चौकशी झाली, कागद मिळाला, सर्व निर्धास्त झाले. अपुऱ्या चौकशीने येणारी निर्धास्ती ही कधीकधी चौकशी न करण्याहून घातक असते.

हे लिहिताना मी दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवू शकत नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी होत्या अशा धर्मगुरूंना मुकाट्याने एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलविण्याचे पाप ख्रिस्तसभेत अनेक देशांत घडले. ऑस्ट्रेलियाच्या राजआयोगाने 2013 ते 2017 या काळात अशा कहाण्यांची नोंद केली. तेथे नोंद नव्हती असे नाही. नोंद असणारे हात मिटलेले होते. आणि माझे स्वतःचे काय? नोकरीसाठी शिफारसपत्र मागणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे एकाच साच्याची पत्रे दिली आहेत. ‘यांना मी चांगला ओळखतो’ असे लिहून खाली सही केली आहे. त्यांतील कित्येकांना मी केवळ रविवारच्या गर्दीत पाहिले होते. तेव्हा त्याला मी औदार्य समजत होतो. आज त्याला खोटी साक्ष म्हणावे लागते, आणि त्या साक्षीची किंमत कदाचित एखाद्या बालकाने मोजली असती.

मग क्षमेचे काय, असे कोणी विचारील. क्षमा ही देवाची कृपा आहे. पश्चात्तापी मनुष्याला ती नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु लेकरांचा सांभाळ ही जबाबदारी आहे, ती कोणाचा हक्क नव्हे. ज्याने बालकांविरुद्ध अपराध केला त्याला आपण क्षमा करू, त्याच्या चुलीची काळजीही वाहू. पण बालकांचा सांभाळ पुन्हा त्याच्या हाती देणार नाही. इतर अपराधांतून सावरलेल्याची गोष्ट निराळी. पौल यरुशलेमला आला तेव्हा त्याचा पूर्वेतिहास आठवून शिष्य त्याला भ्याले. त्यांचे भय अनाठायी नव्हते. बर्णबाने ते भय हसण्यावारी नेले नाही. त्याने पौलाला हाताशी धरून प्रेषितांपुढे उभे केले, त्याच्या पालटाची हकिगत सांगितली आणि आपले नाव त्याच्यासाठी पणाला लावले. खरे शिफारसपत्र असे असते.

म्हणून आपल्या शाळांनी पडताळणी करावीच. प्रथम धर्मगुरूंची आणि विश्वस्तांची, मग शिपायाची. फाटकावरच्या गरिबापासून आरंभ केला तर तो अपमान ठरतो. आमच्यापासून केला तर ती शिस्त ठरते. नोंद आढळल्यास त्या मनुष्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. कागद कोरा असला तरी डोळे उघडे ठेवावेत. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, बालक काही सांगू लागले तर शाळेच्या नावलौकिकापूर्वी त्याचे ऐकावे. ते पोलिसांना कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहेच, तशी ती नीतीचीही आज्ञा आहे.

प्रभूने पेत्राला तीन वेळा नाकारल्याची क्षमा केली. तरीही आपली कोकरे त्याच्या हाती देण्यापूर्वी त्याने त्याला तीनदा प्रश्न विचारला. पेत्र दुःखी झाला. प्रभूने प्रश्न टाळला नाही. आपल्यालाही कोणी तसे विचारले तर दुःख होईल. कोकरांसाठी ते सोसावे.