डाग आणि छिद्र



उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी आपण प्रभूच्या रूपांतराचे शुभवर्तमान ऐकतो. मत्तय, मार्क आणि लूक तिघेही प्रभूच्या शुभ्र वस्त्रांबद्दल सांगतात. पण अशी शुभ्रता पृथ्वीवरच्या कोणत्याही परटाला साधणार नाही, हे सांगायचे एकट्या मार्कला सुचले. मलाखी संदेष्ट्याने तर येणाऱ्या प्रभूला परटाच्या साबणाचीच उपमा दिली आहे. ज्या कामाला आपल्या समाजाने हलके मानले, ते पवित्र शास्त्राला प्रभूसाठी योग्य वाटले. आपल्या विदर्भाचे गाडगेबाबा १८७६ साली परीट घराण्यातच जन्मले, हेही येथे आठवावे.

याच सुमारास घरोघरी थंडीची जॅकेटे पेटीत जातात. गोंदियाची थंडी काही थोडी नव्हे. पहाटे मोटारसायकलवर निघणाऱ्याचे जॅकेटाशिवाय भागत नाही. हिवाळाभरात त्यावर काय काय बसते! कॉलरला मानेचा तेलकट मळ, बाहीला चेनचे ऑइल, छातीवर वरणाची हळद आणि काहींच्या बाबतीत, सांगायला नको, खर्ऱ्याची पिंक.

धुणाऱ्याने आधी विचारायचे ते एवढेच: डाग कशाचा आहे? रक्तावर गरम पाणी ओतले तर डाग पक्का बसतो. त्याला थंड पाणी हवे. हळदीला साबण लागताच ती लाल होते. घाबरू नये, खळबळून उन्हात टाकावे. ऊन हळदीचा रंग उडवते. तेलकट मळावर भांड्यांचा पातळ साबण चोळावा. पावसाचे पाणी अडवणारे जॅकेट असेल तर ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव दोन्ही टाळावे, त्याचा तो गुण कमी होतो. सर्वांत वाईट म्हणजे मळके जॅकेट तसेच पेटीत घालणे. दिवाळीनंतर काढाल तेव्हा डाग जुना आणि हट्टी झालेला असतो.

पापनिवेदनाला येऊन “फादर, माणूस म्हटला की चुका होतातच” एवढेच म्हणणे म्हणजे न पाहता सगळे कपडे एका बादलीत बुचकळणे. दारू, की व्याजाचा पैसा, की सुनेला लागलेला शब्द? ५१ व्या स्तोत्रात क्षमा मागताना मूळ हिब्रू भाषेत अंग धुण्याचा नव्हे, कपडे तुडवून धुण्याचा शब्द आला आहे. तुडवून घ्यायचे तर डाग दाखवावा लागतो.

मात्र बिडीच्या ठिणगीने पडलेले छिद्र कितीही धुतले तरी बुजत नाही. तिथे ठिगळच लागते. १३ व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा भेद नीट मांडला: पापाचा डाग जाऊन आत्म्याचे तेज परतले, तरी भरपाईचे देणे उरू शकते.

समजा, एकाने भावाच्या बांधीचा धुरा हातभर सरकवला. तो गुडघे टेकून खरे सांगतो, मनापासून रडतो. त्याला क्षमा आहे, आणि आम्ही ती आनंदाने उच्चारतो. पण धुरा परत जागेवर ठेव, हे सांगणेही आमचेच काम आहे. रोवणीला अजून वेळ आहे. उन्हाळी धान नसलेल्या बांध्या सध्या कोरड्या पडल्या आहेत. फावडे उचलून, भावाला सोबत घेऊन जायला हे दिवस बरे आहेत.