एका गुणाचें अंतर

परीक्षकाचा अन्याय म्हटला कीं आपल्या मनांत बहुधा वशिला, लांच अथवा पक्षपात एवढेंच येतें. जो कोणाच्या शब्दाला वश होत नाहीं, त्याच्या हातून अन्याय घडणार नाहीं, असें आपण धरून चालतों. आम्हीहि बरींच वर्षें तसेंच समजत होतों.

हा समज सर फिलिप हार्टोग यांच्या एका प्रयोगानें डळमळला. हे गृहस्थ कलकत्ता विद्यापीठासंबंधीं १९१७ सालीं नेमलेल्या आयोगाचे सभासद होते व पुढें ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. त्यांनीं व ऱ्होड्स यांनीं इंग्लंडांतील परीक्षांचीच परीक्षा घेऊन तिचा निष्कर्ष १९३५ सालीं प्रसिद्ध केला. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनीं तपासल्या, आणि वर्ष-दीड वर्षानें त्यांनींच त्या पुन्हा तपासल्या. अनुत्तीर्ण, उत्तीर्ण कीं विशेष योग्यतेचा, या २१० निर्णयांपैकीं ९२ दुसऱ्या खेपेस बदलले! येथें द्वेष नव्हता, वशिलाहि नव्हता. परीक्षकाचें स्वतःशींच एकमत नव्हतें.

आमची गोष्ट सांगावयाची तर, ज्या विषयांत उत्तीर्ण होण्यास ४० गुण लागत, तेथें ३९ गुणांची उत्तरपत्रिका आम्ही नेमानें पुन्हा वाचीत असूं, आणि कोठें तरी एक गुण सांपडेच. घरीं या दयाळूपणाचें कौतुकहि होई. एके रात्रीं गठ्ठा बांधतांना ३६ गुणांच्या एका उत्तरपत्रिकेच्या पुरवणीचा दोरा सुटलेला दिसला. उघडून पाहतों तों पुरवणींत एक सबंध उत्तर होतें, आणि आम्हीं तें वाचलेंच नव्हतें! गुण अद्याप पाठविले नव्हते, म्हणून तो विद्यार्थी वांचला. पण ३९ ची उत्तरपत्रिका पुन्हा वाचावयाची आणि ३६ ची नाहीं, याला आधार कोणता? आमची चूक एका गुणाहून मोठी असूंच शकत नाहीं, हाच ना? ज्याला आम्ही दया म्हणत होतों, तो आमचा गर्वच होता.

आतां छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांची सोय झाली आहे, आणि ती इष्टच आहे. परंतु तिला शुल्क लागतें, मुदत असते. आणि मुख्य म्हणजे निकालाविषयीं शंका घेण्याचें धैर्य लागतें. तें सुशिक्षित घरांत सहज मिळतें. ज्याच्या घरीं गुणपत्रिका म्हणजे ललाटलेख, तो अर्ज करीत नाहीं. दोन परीक्षकांनीं परस्परांचे गुण न पाहतां तपासावें, हा उपाय जुनाच आहे. त्याला पैसा व वेळ लागतो, आणि निकाल चार दिवस लांबला कीं ओरड करणारे आपणच असतों.

अलीकडे आम्ही गुण वेगळ्या कागदावर टिपून ठेवितों आणि प्रत्येक गठ्ठ्यांतील कोणत्याहि पांच उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशीं सकाळीं नव्यानें तपासतों. गेल्या खेपेस पांचांपैकीं दोहोंचे आंकडे जुळले नाहींत. त्या दोघांचे गुण आम्हीं सुधारले. बाकीचा गठ्ठा तसाच गेला.