हक्क आपला, पण बाळाचं काय?





गेल्या महिन्यात बेळगावच्या एका आजींचा निरोप आला. नात नऊ महिन्यांची झाली, गोवर-रुबेलाची लस द्यायची वेळ आली. मुलगा म्हणतो, "सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, लसीची सक्ती करता येत नाही. आमचा हक्क आहे." फॅमिली ग्रुपवर वाद एवढा पेटला की दोन काका ग्रुप सोडून गेले. आजींनी विचारलं, "यात धर्म काय सांगतो?"

आधी कोर्ट काय म्हणालं ते पाहू. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियल विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल लागला. घटनेच्या कलम २१ नुसार आपल्या देहावर आपला अधिकार आहे, म्हणून कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येत नाही. लस न घेतलेल्यांवर राज्यांनी तेव्हा घातलेली बंधनंही कोर्टाला प्रमाणाबाहेरची वाटली. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे. आणि खटला कोविडच्या लसीचा होता. फॉरवर्डमध्ये फिरतं ते एवढंच, की सक्ती नाही.

इथं आमचीही एक चूक कबूल करतो. २०२१ मध्ये आमच्या केंद्राच्या दारात आम्ही सर्टिफिकेट बघून आत सोडत होतो. एका वयस्क गुरुबंधूंना तसंच परत पाठवलं. ते नुकतेच कोविडमधून उठले होते, आणि बरं झाल्यावर तीन महिने लस घेऊ नका असं तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं. आम्ही विचारलंच नाही. साथ होती, काळजी घेणं चूक नव्हतं. पण अंगणात एक खुर्ची मांडता आली असती. प्रमाण सुटतं म्हणजे काय, ते आम्हाला त्या दिवसावरून कळलं.

म्हणून कुणी लसीची अट घातली, तर भांडू नका. कोणत्या नियमानं, ते लेखी विचारा. अंतर ठेवणं, मास्क लावणं असा दुसरा मार्ग आहे का, तेही विचारा. एवढा हक्क आपल्याला नक्की आहे.

आता आजींची नात. मुलगा ज्या हक्काबद्दल बोलतो तो स्वतःच्या देहावरचा आहे. बाळाचा देह त्याचा नाही, तो त्याच्याकडे ठेव म्हणून आलाय. दुसऱ्याची ठेव सांभाळताना आपण स्वतःच्या पैशासारखा धोका पत्करत नाही. बाळाला तर नकारही देता येत नाही आणि होकारही.

शिवाय गोवर एका घरात थांबत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात साथ आली, लहान मुलं दगावली. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवराची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, दुसरी १६ ते २४ महिन्यांत, दोन्ही मोफत. म्हणजे सत्संगात आईच्या मांडीवर झोपलेलं चार महिन्यांचं बाळ आपल्या मुलांच्याच भरवशावर असतं. कायदा विचारतो, सक्ती करता येते का? साधकानं विचारायचं, माझ्या नकाराची किंमत कोण भरणार?

आजींना आम्ही एवढंच कळवलं: मुलाला ग्रुपवर हरवू नका. त्याला भीती कशाची वाटते ते एकांतात ऐका. मग त्याच्याबरोबर बालरोगतज्ज्ञांकडे जा, बाळाला काही त्रास असेल तर सांगा, लस दिल्यावर काय होऊ शकतं आणि झालं तर कुठं कळवायचं तेही विचारून घ्या. शंका विचारणं हा बापाचा हक्कच आहे. पण ती डॉक्टरांसमोर विचारावी, फॉरवर्डला नव्हे.

आणि त्या दोन काकांना ग्रुपमध्ये परत घ्या.

॥ जय गुरुदेव ॥
आपले, इंदूर केंद्राचे सेवेकरी