दुसऱ्याचं दुःख आवडतं कसं?

'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम 2014 साली पोलंडमध्ये, वॉर्सात तयार झाला. त्यामागे सारायेव्होच्या वेढ्याची प्रेरणा आहे. इथे आपण सैनिक नसतो. युद्धात अडकलेली साधी माणसं आपल्याला जगवायची असतात. दिवसा पडक्या घरात डागडुजी करायची, रात्री अन्न-औषधं शोधायला बाहेर पडायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे शस्त्र नाही, अंगात प्रतिकाराची ताकद नाही. सामानाला हात लावला की म्हातारा मागे मागे येऊन विनवण्या करतो. पुण्यात शिकणाऱ्या एका मुलीने ते घर लुटलं. गेममधला तिचा माणूस परतल्यावर खिन्न होऊन बसला, आणि तीही.

"तरी आत्या, गेम मला आवडला. हेच मला खटकतंय," ती म्हणाली.

आत्याने सगळी नोकरी कॉलेजात संस्कृत शिकवण्यात घालवली होती. "हे खटकणं हजार वर्षं जुनं आहे," ती म्हणाली. "करुण रसाचा स्थायी भाव शोक. मग शोकाने भरलेलं नाटक लोक आवडीने का बघतात? काश्मीरचा अभिनवगुप्त म्हणतो, रंगभूमीवरचा शोक ना नाटकातल्या रामाचा, ना नटाचा, ना तुझा. तो कुणा एकाचा उरत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. बाराव्या शतकात रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी 'नाट्यदर्पणा'त हे साफ नाकारलं. त्यांच्या मते करुण दुःखदच असतो; लोक येतात ते कवीच्या आणि नटाच्या कौशल्यासाठी."

"पण माझं दुःख तर माझंच होतं. ते घर मी लुटलं."

"म्हणूनच तुझा प्रश्न जास्त अवघड आहे. रसाच्या आड येणारी विघ्नं अभिनवगुप्ताने सांगितली आहेत. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटणं हे त्यातलं एक. त्याच्या हिशेबाने तुझी शरम हे विघ्न. आणि तुझा गेम तर या विघ्नावरच उभा आहे!"

मुलगी जरा थांबली. खरी अडचण पुढेच होती. शरम वाटली, म्हणजे आपण संवेदनशील आहोत, असं समाधानही तिला आतून वाटू लागलं होतं. तिला विल्यम जेम्सने 1890 च्या मानसशास्त्राच्या ग्रंथात दिलेलं उदाहरण आठवलं आणि तिने ते आत्याला सांगितलं: नाटकातल्या पात्रांसाठी रडणारी रशियन बाई, आणि बाहेर बग्गीवर थंडीने गारठून मरणारा तिचा गाडीवान.

"ती बाई म्हणजे मीच," ती म्हणाली.

"जेम्सचा राग रडण्यावर नाही, रडून थांबण्यावर आहे. मन उचंबळलं की पाठोपाठ काहीतरी करावं, असं तो सांगतो. ट्राममध्ये कुणाला जागा दिली तरी चालेल."

"मग 'सैराट' सिनेमाचं काय? 2016 मध्ये लाखो लोक 'झिंगाट'वर थिएटरात नाचले, शेवट बघून सुन्न झाले. जातीपायी पोटच्या पोरीला मारणं थांबलं का?"

"नाही थांबलं. पण ते थांबवणं आपलं काम. ते दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांवर कसं ढकलायचं? त्यांनी शेवटी काय केलं ते बघ. आवाज काढून घेतला. मारल्या गेलेल्या जोडप्याचं लहानगं पोर रक्तात पावलं उमटवत जातं आणि कानावर काहीही पडत नाही. तिथे व्हायोलिन वाजलं असतं, तर आपण रडून मोकळे झालो असतो. त्यांनी मोकळं होऊच दिलं नाही."

मुलीला हे पटलं, पण पुरतं नाही. काही कथांत तर मेलेलं माणूस खरंखुरं असतं. रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकी दांपत्याचा मुलगा जोएल 2014 साली, पाच वर्षांचा असताना कर्करोगाने गेला. त्याच्या आजारपणावर त्यांनी केलेला 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा गेम 2016 मध्ये आला. एका प्रसंगात दवाखान्याच्या खोलीत मूल रडत असतं, आणि खेळणाऱ्याने काहीही केलं तरी ते शांत होत नाही. "अशा गेमला 'छान' म्हणायला जीभ रेटत नाही," ती म्हणाली.

"'श्यामची आई'ला आपण नव्वद वर्षं छान म्हणतोच ना? साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली ती स्वतःच्या, गेलेल्या आईची आठवण. ज्याचं दुःख त्यानेच ते आपल्या हाती दिलंय. नीट घ्यावं. नाक मुरडून परत करणं हा उद्धटपणा."

"माझ्या म्हाताऱ्याने मात्र मला काहीच दिलं नव्हतं. मी ते हिसकावलं." मग तिने राहिलेली गोष्ट सांगितली. गेम तिने पहिल्यापासून पुन्हा सुरू केला आणि त्या घराकडे फिरकलीच नाही. या वेळी तिच्याच घरातली एक बाई उपासमारीने गेली. "तेव्हाही रडले. पण ते रडणं गोड होतं. मी कुणाचं वाईट केलं नव्हतं."

"गोड होतं ते अभिनवगुप्ताचं," आत्या म्हणाली. "पहिलं कडू होतं, ते नाट्यदर्पणकारांचं. यातलं तुला कोणतं खरं वाटतं?"

"पहिलं."

"आणि आता पुन्हा खेळलीस, तर?"

"दुसऱ्या वेळेसारखंच खेळेन," ती म्हणाली. या दोन उत्तरांचा मेळ कसा घालायचा, यावर दोघींचं अजून एकमत झालेलं नाही. आत्याच्या मते मेळ घालायची गरजच नाही: कडू अनुभव एकदा येऊन गेला, म्हणूनच पुढच्या वेळी त्या घराची वाट टाळता आली. भाचीला यात पळवाट दिसते. ज्यांनी म्हाताऱ्याला कधी लुटलंच नाही, त्यांना त्या घराची किंमत कळलीच नसेल, असं म्हणायची तिची तयारी नाही.