कुकर दिसला, आडवं पडणं नाही

प्रकाश, सही करण्याआधी तो कागद वाचलास का? नाही. फोनवरची बाई गोड बोलली, “नेहमीचाच फॉर्म आहे” म्हणाली, आणि तू अमेरिकन सरकारच्या सोशल सिक्युरिटी खात्यातली तुझी फाइल विमा कंपनीला मोकळी करून दिलीस. सातवीत प्रश्न न वाचता उत्तर लिहायला घ्यायचास. बावन्नाव्या वर्षी, कंबरेची दोन ऑपरेशनं झाल्यावरही तेच!

“बाई, सरकारनंच मला अपंग ठरवलंय, मग लपवायचं काय?” हे तुझं बोलणं मला सगळ्यात खटकलं. सरकारनं तुला कशावरून मंजूर केलं, ते वाच. बसून करायचं काम तुला जमेल, असंच त्यांच्या डॉक्टरनं लिहिलंय. पण तुझी पन्नाशी उलटलेली, आयुष्य गोदामात ओझी उचलण्यात गेलेलं, दुसरीकडे उपयोगी पडेल असं कसब हाती नाही, म्हणून त्यांच्या नियमात तू बसलास. तुझ्या पॉलिसीत वयाचा असा विचार नाही. मी ते कलम दोनदा वाचलं. पहिले 24 महिने ‘स्वतःचं काम’ जमत नसलं तरी पुरतं, पुढे ‘कोणतंही काम’ जमत नाही हे दाखवावं लागतं. तुझे 24 महिने दिवाळीत भरतात. तेव्हा कंपनीचा माणूस तुझ्याच फाइलमधली ती ओळ तुझ्यापुढे धरेल. काय सांगशील त्याला?

आमच्या घरात हे घडून गेलंय. ह्यांच्या फाइलमध्ये दिनक्रमाचा फॉर्म होता. स्वयंपाक करता का, बाजारात जाता का, पाळीव प्राण्यांची काळजी घेता का, सगळं विचारतात त्यात. ह्यांनी खरं ते लिहिलं, ‘सकाळी वरणभाताचा कुकर लावतो.’ पुढची ओळ होती, ‘मग तासभर आडवं पडावं लागतं.’ कंपनीच्या नकारपत्रात कुकर होता. आडवं पडणं नव्हतं.

आणि सोशल सिक्युरिटीकडे अर्ज कर म्हणून तुझ्या मागे कोण लागलं होतं? कंपनीच ना? तिथून येणारे पैसे ती तुझ्या महिन्याच्या रकमेतून कापते. मेटलाइफ विरुद्ध ग्लेन खटल्यात 2008 साली सुप्रीम कोर्टानं याच वागण्यावर बोट ठेवलं: काम होत नाही असं सरकारपुढे मांडायला लावायचं, त्या पैशातला बराचसा वाटा आपण घ्यायचा आणि आपली द्यायची पाळी आली की सरकारचा तोच निर्णय बाजूला सारायचा.

सोशल सिक्युरिटीच्या संमतिपत्रावर छापलेलं असतं की ‘संपूर्ण फाइल’ असं मोघम मागितलं तर ते देणार नाहीत. काय हवं ते नेमकं लिहा. तुझ्या हातात आवर घालायची जागा होती, प्रकाश. तू सगळ्या चौकटींत खुणा केल्यास!

काहीच देऊ नकोस असं मी म्हणत नाही. सहकार्य केलं नाही म्हणून क्लेम बंद करतील. मंजुरीचं पत्र दे, रक्कम कळव. कपातीच्या हिशेबाला तेवढं पुरतं. संमती लेखी मागे घेता येते, पण रागाच्या भरात आज रात्री पत्र धाडू नकोस. आधी वकिलाला पॉलिसी दाखव. सोशल सिक्युरिटीतली तुझी फाइल स्वतः मागव. सलग किती मिनिटं बसवतं, हे सर्जनकडून लिहून घे.

शनिवारी पॉलिसी घेऊन ये. वाचून ये.